पायथनमध्ये मराठी नावांतून आद्याक्षर काढताना अर्धेच अक्षर का हाती येते?

प्रश्न : ग्रंथसेवक

आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथसूची मी स्प्रेडशीटमधून सीएसव्ही फाइलमध्ये आणली असून तिच्यावर पायथनने दोन कामे करून घ्यावयाची आहेत. पहिले काम असे की लेखकाचे पूर्ण नाव स्वतंत्र रकान्यांत दिलेले असताना त्यावरून 'आद्याक्षरे आणि आडनाव' अशी सूचीत छापण्याजोगी ओळ तयार व्हावी. दुसरे असे की पुस्तकाच्या कण्यावर चिकटवावयाच्या चिठ्ठीसाठी आडनावाची पहिली तीन अक्षरे वेगळी काढता यावीत. इंग्रजी पुस्तकांच्या बाबतीत दोन्ही कामे विनातक्रार पार पडली. मराठी नावांवर मात्र पुढील प्रकार घडतो.

नाव = "चिंतामण"
मधले = "त्र्यंबक"
आडनाव = "खानोलकर"

नाव[0] → 'च'
मधले[0] → 'त'
आडनाव[0:3] → 'खान'

म्हणजे सूचीत 'च. त. खानोलकर' असे छापले जाते, आणि चिं. त्र्यं. खानोलकर या नावाची सवय असलेला वाचक ती नोंद पाहून बुचकळ्यात पडतो. चिठ्ठीवर 'खान' छापले गेल्यास तर पुस्तक दुसऱ्याच आडनावाच्या रांगेत जाऊन बसेल. 'म्हात्रे' या आडनावातून 'म्ह' एवढेच मिळते आणि 'कर्वे' मधून पाय मोडलेला 'कर्' मिळतो. मधले[0:6] असे लिहिल्यास 'त्र्यं' बरोबर येते, परंतु तोच सहाचा आकडा 'वामन' या नावाला लावला की आद्याक्षराऐवजी अख्खे नावच परत मिळते, आणि पायथन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

याखेरीज काही नोंदींत नावाआधी 'श्री.' किंवा 'डॉ.' लावलेले आहे, तर काही ठिकाणी मधले नावच नाही. मराठी वाचक ज्याला अक्षर म्हणतो तेच अक्षर पायथनकडून मिळविण्याची काही सरळ पद्धत आहे का, की प्रत्येक नाव हाताने तपासण्यावाचून गत्यंतर नाही?

उत्तर : अर्धविराम

पायथन येथे चुकत नाही. तो मोजतो ते एकक निराळे आहे. पायथन ३ मधील स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, ही युनिकोडच्या कोड पॉइंटांची (लिप्यांतील चिन्हांना दिलेल्या ठरावीक क्रमांकांची) माळ असते, आणि देवनागरीत प्रत्येक व्यंजन, प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे हलन्त चिन्ह यांना आपापला वेगळा कोड पॉइंट दिलेला आहे. 'चिंतामण' आपल्याला चार अक्षरांचे दिसते, पण पायथनच्या लेखी ते च, वेलांटी, अनुस्वार, त, काना, म, ण असे सात घटक आहेत. 'त्र्यंबक' मध्ये त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क असे आठ घटक येतात आणि त्यांतील पहिले सहा मिळून आपले एक अक्षर होते. तेव्हा चौकोनी कंसात शून्य लिहिले की सुटा 'त' मिळणे क्रमप्राप्तच आहे. 'खानोलकर' चे पहिले तीन घटक ख, काना आणि न हे असल्यामुळे 'खान' मिळाले. तीन अक्षरे मोजली असती तर 'खानोल' मिळाले असते.

स्लाइसचे, म्हणजे चौकोनी कंसात आकडे देऊन स्ट्रिंगचा तुकडा काढण्याचे, नियम आपणांस ठाऊक असावेत, तरी ज्या दोन गोष्टी नावांच्या कामात हमखास आडव्या येतात त्या सांगतो. मोजणी शून्यापासून सुरू होते आणि शेवटचा आकडा धरला जात नाही, म्हणून [0:3] मध्ये शून्य, एक आणि दोन या स्थानांवरील घटक येतात. (ही रीत विचित्र वाटणाऱ्यांनी संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांचे १९८२ मधील हस्तलिखित टिपण अवश्य वाचावे, मोजणी शून्यापासून का करावी याचा इतका थोडक्यात केलेला युक्तिवाद दुसरीकडे क्वचितच सापडेल.) दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे. एकच स्थान मागितले आणि ते अस्तित्वात नसले तर पायथन इंडेक्सएरर देतो; उलट स्लाइस मागितली आणि स्ट्रिंग तोकडी पडली तर असेल तेवढा भाग, आणि काहीच नसेल तर रिकामी स्ट्रिंग, निमूटपणे परत देतो. 'वामन' च्या बाबतीत तक्रार न येण्याचे कारण हेच आहे. मधले नाव नसलेल्या नोंदींत मधले[0] लिहिल्यास आज्ञावली थांबेल, तर मधले[:1] लिहिल्यास ती पुढे चालत राहील.

'श्री.' काढून टाकण्यासाठी अनेक जण एलस्ट्रिप ही डावीकडचे घटक काढणारी पद्धत वापरतात आणि तेथे हात पोळून घेतात. एलस्ट्रिपला दिलेला मजकूर हा उपसर्ग म्हणून वाचला जात नाही. त्यातील प्रत्येक घटक सुटा धरला जातो आणि त्यांपैकी कोणताही घटक डावीकडून जोवर भेटत राहील तोवर काढला जातो. 'श्री. श्रीराम' या स्ट्रिंगवर 'श्री. ' देऊन एलस्ट्रिप चालविल्यास उपाधीबरोबर नावातला श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी आणि त्यापुढचा र हेही जातात व मागे 'ाम' एवढेच उरते. पायथन ३.९ पासून रिमूव्हप्रिफिक्स ही पद्धत उपलब्ध आहे; ती दिलेला उपसर्ग जसाच्या तसा आढळला तरच, आणि एकदाच, काढते.

कधी पूर्ण नाव एकाच रकान्यात असेल आणि पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचा भाग हवा असेल, तर फाइंडने स्थान शोधून त्याआधीची स्लाइस घेण्याचा मोह टाळावा. मोकळी जागा सापडली नाही की फाइंड उणे एक परत देतो, आणि स्लाइसच्या शेवटी उणे एक म्हणजे 'अखेरचा घटक वगळून बाकी सर्व' असा अर्थ होतो. एकेरी नाव 'सावित्री' असेल तर हाती 'सावित्र' येईल. पार्टिशन वापरल्यास हा धोका राहत नाही, कारण विभाजक सापडो वा न सापडो, ती नेहमी तीन भाग देते आणि विभाजक नसेल तेव्हा पहिल्या भागात संपूर्ण नाव असते.

उत्तर : देवराई

अर्धविराम यांनी कारण नेमके सांगितले आहे. मी तोडग्याविषयी लिहिते.

वाचकाला एक वाटणाऱ्या घटकसमूहाला युनिकोडच्या परिभाषेत ग्राफीम क्लस्टर म्हणतात आणि तो कोठे तोडावा याचे नियम युनिकोडच्या एकोणतिसाव्या जोडपत्रात दिलेले आहेत. मराठीच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की दीर्घकाळ या नियमांत मात्रा व अनुस्वार आधीच्या व्यंजनाला चिकटत असत, पण जोडाक्षर मात्र हलन्तापाशी तुटत असे. त्या नियमांनुसार 'चिं' अखंड मिळे, पण 'त्र्यं' चे 'त्', 'र्' आणि 'यं' असे तीन तुकडे होत. सप्टेंबर २०२३ मधील युनिकोड १५.१ या आवृत्तीत देवनागरी, बंगाली, गुजराती आदी काही लिप्यांसाठी जोडाक्षर न तोडण्याचा नियम जोडला गेला. त्यामुळे एखादे मॉड्यूल (तयार फंक्शनांचा संच) 'ग्राफीमनुसार तोडतो' असे म्हणत असले तरी ते कोणत्या आवृत्तीचे नियम पाळते यावर आपले उत्तर अवलंबून राहील. पायथनबरोबर येणाऱ्या, मजकुरातील नमुने शोधणाऱ्या री मॉड्यूलमध्ये ग्राफीमची खूणच नाही. बाहेरून बसवावयाच्या रेजेक्स मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स अशी खूण आहे. ती वापरावयाची असल्यास आधी 'क्ष' आणि 'त्र्यं' या दोन स्ट्रिंगांवर चालवून पाहावी. दोन्ही अखंड परत आल्या तरच पुढे जावे.

री मॉड्यूलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. 'शब्दातील वर्ण' दर्शविणारी बॅकस्लॅश डब्ल्यू ही खूण मराठी मजकुरावर वापरू नये. री मॉड्यूल मात्रांना आणि हलन्ताला शब्दाचा भाग मानत नाही, त्यामुळे 'मराठी' या शब्दात तिला 'मर' आणि 'ठ' असे दोन शब्द सापडतात. विरामचिन्हे गाळण्यासाठी कोणी ही खूण लावली की साऱ्या सूचीतले काने-मात्रे झडून जातात, आणि एरवी ते लगेच लक्षातही येत नाही, कारण पायथनच्या दृष्टीने सारे सुरळीत पार पडलेले असते.

तुमचे काम केवळ देवनागरीपुरते मर्यादित असल्यामुळे माझ्या मते बाहेरच्या मॉड्यूलवर विसंबण्यापेक्षा छोटेसे फंक्शन स्वतःच लिहावे. त्याचा तर्क असा आहे. रिकाम्या यादीपासून सुरुवात करून स्ट्रिंगमधील घटक एकेक करून घ्यावेत. युनिकोडडेटा मॉड्यूलमधील कॅटेगरी फंक्शन प्रत्येक घटकाचा वर्ग सांगते. काने, मात्रा, उकार, अनुस्वार, विसर्ग, नुक्ता आणि हलन्त या सर्वांच्या वर्गाचे नाव एम या अक्षराने सुरू होते. वर्ग एमने सुरू होत असेल तर तो घटक यादीतल्या शेवटच्या अक्षराला जोडावा. घटक व्यंजन असेल आणि यादीतल्या शेवटच्या अक्षराची अखेर हलन्ताने होत असेल, तरीही तो त्याच अक्षराला जोडावा. या दोन्हींपैकी काही नसेल तर त्या घटकापासून नवे अक्षर सुरू करावे. हलन्ताचा क्रमांक दशमान पद्धतीत २३८१ आहे.

समजा, या फंक्शनाने दिलेली यादी 'अक्षरे' या नावाने ठेवली. 'त्र्यंबक' साठी ती अशी असेल :

अक्षरे = ["त्र्यं", "ब", "क"]
अक्षरे[:1] → ['त्र्यं']

यादीवरही स्लाइसचे तेच नियम चालतात, त्यामुळे 'म्हात्रे' ची पहिली तीन अक्षरे मागितल्यास 'म्हा' आणि 'त्रे' अशी दोनच मिळतील आणि चूकही दाखवली जाणार नाही. मिळालेले तुकडे रिकाम्या स्ट्रिंगवरील जॉइनने सांधले की चिठ्ठीवर छापण्याजोगा मजकूर तयार होतो. चलांची नावे मी मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. पायथन ३ ती स्वीकारतो, पण कंसातले आकडे मात्र इंग्रजीच (0, 1, 2) असावे लागतात. गंमत अशी की इंट फंक्शनाला '३' ही देवनागरी आकड्याची स्ट्रिंग दिली तर ते खुशाल तीन परत देते.

प्रतिसाद : ग्रंथसेवक

आपण दोघांचेही आभार. देवराई यांनी सांगितल्याप्रमाणे फंक्शन लिहिले असून 'चिं. त्र्यं. खानोलकर', 'वि. वा. शिरवाडकर' आणि 'पु. ल. देशपांडे' या तिन्ही नोंदी आता बरोबर येतात.

एक नवीन प्रश्न मात्र उपस्थित झाला आहे. 'कऱ्हाडे' हे आडनाव सूचीत अनेक ठिकाणी आहे. पडद्यावर ते सर्वत्र एकसारखेच दिसते, परंतु काही नोंदींत लांबी सात दाखवली जाते तर काही नोंदींत आठ. आठ लांबीच्या काही नोंदींत पहिले अक्षर काढल्यावर पुढचे अक्षरही 'ह' वाचून तुटते, आणि शोध घेतल्यास अर्ध्याच नोंदी सापडतात. या नोंदी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या व्यक्तींनी टंकित केलेल्या आहेत.

उत्तर : अर्धविराम

कारण त्या शेवटच्या वाक्यात आले आहे. मराठीतला हा आडवा, पापणीसारखा दिसणारा अर्धा र टंकित करण्याचे एकाहून अधिक मार्ग आहेत आणि कीबोर्डाप्रमाणे त्यांची निवड बदलते.

पहिल्या मार्गात ऱ हा स्वतंत्र कोड पॉइंट, त्यापुढे हलन्त आणि मग ह येतो. तसे लिहिलेले 'कऱ्हाडे' सात घटकांचे होते. दुसऱ्या मार्गात साधा र, हलन्त आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे हा न दिसणारा जोडवर्ण असतो. तेथे घटक आठ भरतात. तिसरा मार्ग विरळ आहे, पण आढळतो : साधा र, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त. यातही घटक आठच होतात.

तिसऱ्या प्रकाराची व्यवस्था युनिकोडडेटा मॉड्यूलमधील नॉर्मलाइझ या समतुल्य रूपे एकसारखी करणाऱ्या फंक्शनाला एनएफसी हा प्रकार दिला की आपोआप लागते, कारण र आणि नुक्ता यांची जोडी ऱ शी समतुल्य आहे असे युनिकोडनेच नमूद केलेले आहे. दुसऱ्या प्रकाराबाबत तशी समतुल्यता मानलेली नाही. दोन्ही रूपे पडद्यावर सारखी दिसत असली तरी नॉर्मलाइझ त्यांना हात लावत नाही, म्हणून हा बदल आपणच करावा लागतो : र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे असा क्रम जेथे सापडेल तेथे रिप्लेसने ऱ आणि हलन्त ठेवावेत. झेडडब्ल्यूजेचा दशमान क्रमांक ८२०५ असून तो सीएचआर फंक्शनाला दिला की तो न दिसणारा वर्ण स्ट्रिंगमध्ये मिळतो.

येथे एक सावधगिरी बाळगावी. न दिसणारे वर्ण म्हणजे केरकचरा असे समजून काही जण सरसकट सगळे झेडडब्ल्यूजे पुसून टाकतात. तसे केल्यास दुसऱ्या मार्गाने लिहिलेल्या शब्दांत र आणि हलन्त एवढेच मागे राहतात आणि त्यांचा रफार होतो. मग 'दऱ्या' चा 'दर्या' होतो; डोंगरांमधली जागा समुद्राने घेतली, असे म्हणावे लागेल. म्हणून आधी अदलाबदल करावी, आणि उरलेल्या झेडडब्ल्यूजेंचे काय करावयाचे ते नंतर ठरवावे.

दुसऱ्या प्रकारच्या नोंदींत 'ह' तुटण्याचे कारणही हेच आहे. देवराई यांच्या तर्कानुसार नवे व्यंजन आधीच्या अक्षराला जोडण्यासाठी त्या अक्षराची अखेर हलन्ताने व्हावी लागते, पण येथे हलन्तानंतर झेडडब्ल्यूजे येतो आणि त्याचा वर्गही एमने सुरू होत नाही. फंक्शनात आणखी एक अट घालावी : घटक ८२०५ असेल तर तो शेवटच्या अक्षराला जोडावा, आणि अखेर तपासताना हलन्त किंवा हलन्तापुढे झेडडब्ल्यूजे यांपैकी काहीही चालावे. ८२०४ क्रमांकाचा झेडडब्ल्यूएनजे हा वर्ण मात्र जोडाक्षर होऊ नये म्हणूनच टंकित केलेला असतो. तो आधीच्या अक्षराला चिकटवून पुढच्या व्यंजनापासून नवे अक्षर सुरू करावे.

'ॲ' च्या बाबतीतही हीच कथा आहे. काही कीबोर्ड त्याचा स्वतंत्र कोड पॉइंट देतात, तर काही अ आणि अर्धचंद्र असे दोन घटक देतात, आणि एनएफसी त्यांनाही एकरूप करत नाही. इंग्रजी शब्दांनी सुरू होणारी ग्रंथनामे सूचीत असतील तर ही अदलाबदलही आताच करून घ्यावी.

उत्तर : शून्यापासून

सूची पुढेमागे डेटाबेसमध्ये आणि संकेतस्थळावर जाणार असेल तर एकक पुन्हा बदलते, म्हणून थोडी भर घालतो.

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतील सबस्ट्रिंग फंक्शन स्थान एकपासून मोजते आणि त्याला दिलेला दुसरा आकडा हा शेवटचे स्थान नसून लांबी असतो. पायथनचा हात बसलेला माणूस येथे एका घटकाने हमखास सरकतो. स्प्रेडशीटमधील मिड हे सूत्रही याच वळणाचे आहे, आणि तेथील लेफ्ट सूत्राने 'त्र्यंबक' चे पहिले अक्षर मागितले तर तेही 'त' च देते.

रकान्याची मर्यादा बाइटमध्ये दिलेली असेल तर यूटीएफ-८ मध्ये (कोड पॉइंट बाइटांत साठविण्याच्या एका पद्धतीत) देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट तीन बाइट घेतो, हे ध्यानात ठेवावे. 'चिंतामण त्र्यंबक खानोलकर' या नावात वाचकाच्या हिशेबाने अक्षरे बारा, दोन मोकळ्या जागा धरून कोड पॉइंट चोवीस आणि बाइट अडुसष्ट भरतात. मजकूर बाइटांवर छाटून पहिले दहा बाइट घेतले तर तीन घटक पूर्ण येतात आणि 'त' चा एकच बाइट मागे लोंबकळत राहतो. तो तुकडा पुन्हा स्ट्रिंगमध्ये आणताना पायथन युनिकोडडिकोडएरर देतो. गो भाषेत स्ट्रिंगची स्लाइस मुळातच बाइटांवर घेतली जाते, आणि रस्टमध्ये कोड पॉइंटाच्या मधोमध कापण्याचा प्रयत्न केल्यास आज्ञावली तेथल्या तेथे थांबते. मला रस्टचा हा कडकपणा गोच्या मोकळेपणापेक्षा परवडतो. स्विफ्टमध्ये कॅरेक्टर म्हणजेच ग्राफीम क्लस्टर असल्यामुळे या धाग्यातला निम्मा खटाटोप तेथे करावाच लागत नाही.

जावा आणि जावास्क्रिप्ट यूटीएफ-१६ च्या एककांत मोजतात. देवनागरीचा कोड पॉइंट एका एककात मावत असल्याने फरक जाणवत नाही, परंतु २०१४ मध्ये युनिकोड ७.० मधून आलेल्या मोडीच्या प्रत्येक कोड पॉइंटाला दोन एकके लागतात, आणि त्यांच्या मधोमध कापल्यास निरर्थक अर्धा वर्ण हाती येतो. दफ्तरांतली मोडी कागदपत्रे टंकित करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. संकेतस्थळावर अक्षरांनुसार तुकडे हवे असतील तर जावास्क्रिप्टमध्ये इंटल.सेगमेंटर आहे; त्यालाही देवराई यांनी सांगितलेली 'क्ष' ची परीक्षा द्यावयास लावावी.

उत्तर : देवराई

अर्धविराम यांची झेडडब्ल्यूजेविषयीची दुरुस्ती योग्य आहे. माझ्या तर्कात ती अट हवी.

ग्रंथसेवक, आणखी एक गोष्ट आज्ञावलीच्या बाहेरची आहे. आद्याक्षरे नावातून नेहमीच निघतात असे नाही. बी. रघुनाथ यांचे मूळ नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी; फंक्शन त्यांची नोंद 'भ. र. कुलकर्णी' अशी करील आणि ती व्याकरणाने शुद्ध असूनही कोणाला सापडणार नाही. इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार देवनागरीत लिहिण्याची पद्धतही मराठीत रूढ आहे, आणि ती कोणत्या लेखकाने स्वीकारली हे नावाच्या घटकांवरून कळण्याचा मार्ग नाही. यासाठी सीएसव्हीमध्ये 'छापील नाव' असा एक जादा रकाना ठेवावा आणि तो रिकामा असेल तेव्हाच फंक्शनाने काढलेली आद्याक्षरे छापावीत. कण्यावरील चिठ्ठीचे आडनावही त्याच रकान्यातल्या शेवटच्या मोकळ्या जागेनंतरच्या भागावरून घ्यावे. त्यासाठी आरपार्टिशन आहे, आणि मोकळी जागा नसलेल्या एकेरी नावांत ती संपूर्ण नाव तिसऱ्या भागात देते.